आबांच्या आवाजाचे आकडे

रेणुकाताईंनी पहिली वीस वाक्यं परत पाठवली. सोबत निरोप होता, “आबांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतोय. मागे सतत घरघर आहे. पुन्हा कराल का?”

शाल्मलीने तो दोनदा वाचला. मायक्रोफोन आबांच्या तोंडापासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. मग आवाज लांबून कसा येईल?

साल होतं २०४६. अकरा वर्षांची शाल्मली मे महिन्याच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला आजोबांकडे आली होती. तिचे आबा, म्हणजे डॉ. मुकुंद तेंडोलकर, ध्वनीचे शास्त्रज्ञ. तीस वर्षं त्यांनी समुद्रात खास मायक्रोफोन सोडून डॉल्फिनचे आवाज गोळा केले होते. आता त्यांच्याच स्वरयंत्रात (गळ्यातला, आवाज तयार करणारा भाग) गाठ झाली होती. गुरुवारी शस्त्रक्रिया होती. त्यानंतर आबा बरे होणार होते, पण स्वतःच्या गळ्याने बोलू शकणार नव्हते.

त्यांच्यासाठी बोलणार होता एक गळपट्टा. ओठांची आणि मानेच्या स्नायूंची हालचाल ओळखून तो शब्द उच्चारत असे. आबांच्या आवाजात बोलायचं, तर त्याला आधी आबांचा आवाज शिकवायला हवा होता. त्यासाठी दोनशे वाक्यं स्वच्छ ध्वनिमुद्रित करायची होती. रुग्णालयातल्या वाचा-उपचारक (बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या) रेणुकाताई ती तपासत होत्या.

आज मंगळवार होता. डॉक्टरांनी आबांना दिवसाला फक्त अर्धा तास बोलायची परवानगी दिली होती. त्यातली दहा मिनिटं फुकट गेली होती. म्हणून बाकी सगळं आबा छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहीत.

“आबा, माझंच काहीतरी चुकलं,” शाल्मली म्हणाली. “तुमचा आवाज वाया घालवला मी.”

आबांनी पाटीवर लिहिलं, ‘रडू नंतर. आधी सांग, सकाळपासून आपण काय काय केलं?’

शाल्मलीने डोळे पुसले आणि आठवू लागली.

मायक्रोफोन आबांच्या जुन्या प्रयोगशाळेतला, तिच्या दुप्पट वयाचा. त्याची यूएसबी पिन रुंद, आणि टॅबलेटची खाच अरुंद. म्हणून आधी अडॅप्टर (एका आकाराची पिन दुसऱ्या आकाराच्या खाचेत बसवणारा जोड) लावला. दिवा क्षणभर लागला आणि विझला. टॅबलेटवर अक्षरं उमटली, ‘हे उपकरण जास्त वीज मागत आहे.’

तेव्हा आबांनी पाटीवर दोन चौकोन काढून समजावलं होतं. यूएसबीच्या तारेने दोन उपकरणं जोडली, की त्यातलं एक यजमान होतं आणि दुसरं पाहुणा. यजमान पाहुण्याला वीज पुरवतो आणि कधी काय पाठवायचं ते विचारतो. टॅबलेट संगणकाला जोडला, की तो पाहुणा असतो. मायक्रोफोनसमोर मात्र त्यालाच यजमान व्हावं लागतं, आणि या जुन्या पाहुण्याची भूक त्याला झेपत नव्हती. मग शाल्मलीने मधे एक हब (एका खाचेच्या अनेक खाचा करणारी डबी) जोडला, ज्याला भिंतीतल्या प्लगमधून वेगळी वीज मिळत होती. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

“म्हणजे वीज पोचते,” सगळं आठवून झाल्यावर शाल्मली म्हणाली. “पण टॅबलेटने त्याला ओळखलंय का, ते कसं कळणार?”

आबांनी लिहिलं, ‘जोडल्या जोडल्या टॅबलेट विचारतो, तू कोण? मायक्रोफोन उत्तर देतो, मी आवाज पाठवणारा.’

तिने टॅबलेटच्या यादीत पाहिलं. ‘यूएसबी मायक्रोफोन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ओळख झाली होती. तरीही आवाज लांबून.

समुद्रातल्या मायक्रोफोनना स्वतःची यंत्रं असायची, टॅबलेटशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. आबांनी लिहिलं, ‘यातलं मला ठाऊक नाही. टॅबलेट तुला जास्त कळतो.’

आबांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे शाल्मलीने पहिल्यांदाच वाचलं होतं. तिने सकाळचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं आणि कान देऊन ऐकू लागली. खिडकीबाहेर टेकडीवरच्या पवनचक्क्या घरघरत होत्या. तीच घरघर ध्वनिमुद्रणात होती. टॅबलेट नेमका खिडकीशी, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला होता.

आणि टॅबलेटला स्वतःचाही एक मायक्रोफोन असतो.

तिने ध्वनिमुद्रणाचं ॲप सुरू केलं. पडद्यावर आवाजाची रेघ हलू लागली. तिने आबांसमोरच्या मायक्रोफोनच्या जाळीवर नख हळूच घासलं. रेघ जेमतेम हलली. मग टॅबलेटच्या कडेवरच्या बारीक भोकाजवळ नख घासलं. रेघ एकदम उंच उडाली.

“आबा, हा जोडलाय, पण ॲप याचं ऐकतच नाहीये. ते टॅबलेटच्या आतल्या मायक्रोफोनचं ऐकतंय.”

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायक्रोफोन जोडायच्या आधीच तिने ॲप उघडलं होतं, त्यामुळे ते आतल्याच मायक्रोफोनला धरून बसलं होतं. तिने ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं, सेटिंगमध्ये जाऊन ‘बाहेरचा मायक्रोफोन’ निवडला आणि परत नख घासून पाहिलं. या वेळी जाळीवरच्या नखाने रेघ उडाली आणि टॅबलेटवरच्या नखाने हललीच नाही.

“पण नुसत्या तारेतून आवाज जातो कसा?”

आबांनी पाटी पुसली आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं. बोलताना हवा थरथरते. तिच्याबरोबर मायक्रोफोनमधला डायफ्राम (केसाहून पातळ पडदा) थरथरतो. त्या थरथरीने वीज कमीजास्त होते. याच मायक्रोफोनमध्ये एक चिप असते. ती ही वीज सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजते आणि प्रत्येक मापाचा आकडा तारेतून पाठवते.

“म्हणजे टॅबलेटला फक्त आकडे मिळतात?”

आबांनी होकारार्थी मान हलवली.

“आणि गळपट्टा त्या आकड्यांतून तुमचा आवाज शिकणार.”

शाल्मलीने आबांना पाणी दिलं आणि एकच वाक्य वाचायला सांगितलं. आबांनी घसा ओला केला. “आज भरती दुपारी आहे.” तिने ते लगेच लावून ऐकलं. आवाज थोडा घोगरा होता, पण त्यात प्रत्येक श्वास ऐकू येत होता आणि पवनचक्क्या कुठच्या कुठे गेल्या होत्या. दहा मिनिटांत रेणुकाताईंचं उत्तर आलं, “अस्संच हवं. पुढचं पाठवा.”

मंगळवारी नव्वद वाक्यं झाली. बुधवारी एकशे साठाव्या वाक्याशी आबा थकले आणि त्यांना खोकला आला. शाल्मलीने ध्वनिमुद्रण थांबवलं. “राहू दे आबा, एवढ्यावर भागेल.”

आबांनी बोट वर केलं, थोडं थांबले, आणि उरलेली चाळीस वाक्यं सावकाश, एकेक करत पुरी केली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तीन आठवड्यांनी आबा घरी आले. दुसऱ्या दिवशी शाल्मली अंगणात आमसुलं उन्हात पसरत होती. मागून हाक आली, “शाल्मली, ऊन लागतंय, आत ये गो.”

“आले आबा,” ती म्हणाली आणि आणखी दोन सालं पालथी केली. मग तिचे हात थांबले.

ती वळली. आबा दारात उभे होते. गळ्याला राखाडी पट्टा होता. शाल्मली धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली.

“कसा वाटतो?” पट्ट्यातून आबांनी विचारलं.

“तुमचाच आहे. मी ओ दिली ना, लक्षातसुद्धा आलं नाही.”

आबा हसले. त्यांचे खांदे हलले, डोळे बारीक झाले, पण पट्टा गप्प होता.

“यातून हसू येत नाही?”

“नाही. याला फक्त शब्द ओळखता येतात. हसण्यात शब्द नसतात. ते कसं ओळखायचं, हे अजून कुणी शोधलेलं नाही.”

शाल्मली विचारात पडली. “मग हसताना काय काय हलतं, ते आधी मोजायला लागेल.” तिने आमसुलाने लाल झालेले हात फ्रॉकला पुसले आणि दोन्ही तळवे आबांच्या खांद्यांवर टेकवले. “आबा, पुन्हा हसा बघू.”

“असा उगाच कसा हसू?” आबा म्हणाले. “हसव मला.”