ताणलेले सूर

‘सारस’ यानाच्या संचारकक्षात यामिनी सातपुते डोळे मिटून बसली होती. कानांवर श्रवणी होत्या आणि ओठ हलत होते. दीर्घनिद्रा विभागाचे डॉक्टर इनास लोपीस दारात थोडा वेळ थांबले, मग आत येऊन त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

“पुन्हा ओसरी?”

“पुन्हा ओसरी,” श्रवणी काढत यामिनी म्हणाली. “चिपळूणचे एक दातांचे डॉक्टर आहेत, विश्राम खोत. सारंगी वाजवतात, स्वतःच रचना करतात. ही त्यांची पहिलीच.”

ओसरी म्हणजे हौशी संगीतकारांचं संकेतस्थळ. नोकरी-व्यवसाय सांभाळून वाद्यसंगीत रचणारी माणसं आपली रचना तिथे ठेवत आणि कुणी ऐकतंय का याची वाट बघत बसत. बहुतेक जण ‘छान’, ‘अप्रतिम’ असं काहीतरी लिहून पुढे जात. यामिनी तसं करत नसे. ती प्रत्येक रचना तीन-चार वेळा ऐके आणि मगच बोले. यान निघताना प्रत्येकाला घरच्यांशी बोलण्यासाठी प्रक्षेपणाचा थोडा वेळ मिळाला होता. यामिनीला घरचं असं कुणी उरलं नव्हतं. तिने तो वेळ ओसरीला देऊन टाकला.

“मला एक कळत नाही,” इनास म्हणाले. “हे सूर इथवर येतात ते जसेच्या तसे?”

“नाही ना, इनासभाऊ. हे ऐका.” तिने एक कळ दाबली. सारंगीच्या जागी घोगरा, जडशीळ आवाज आला, कुणीतरी विहिरीच्या तळाशी हंबरत असल्यासारखा.

“हे काय?”

“तीच सारंगी. आपण पृथ्वीपासून प्रकाशाच्या सहा-दशांश वेगाने लांब चाललोय. तिकडून एक लाट निघाली, की तिच्या मागची लाट निघेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. त्या लाटेला जास्त अंतर कापावं लागतं. आपली घड्याळं हळू चालतात म्हणून त्यातलं थोडं वजा होतं, आणि हिशेब बरोबर दुपटीवर येतो. लय निम्मी, सूर एक सप्तक खाली. मग हा ताणहारी सगळं आवळून मूळ मापात आणतो.” तिने कळ सोडली आणि सारंगी पुन्हा सारंगी झाली.

“आणि तू बोलतेस ते?”

“तेही जाताना तसंच ताणलं जातं. तिकडेही ताणहारी आहे, त्यामुळे शब्द कळतात. पण वेळ कोण आवळणार? आपण निघाल्यापासून जितक्या काळाने ते पाठवतात, त्याच्या दुप्पट काळाने ते इथे पोचतं; माझं उत्तर त्याच्याही दुपटीने तिथे. प्रत्येक फेरीला चौपट. सुरुवातीला महिने, मग वर्षं, मग...”

इनास हळूच म्हणाले, “म्हणजे फार तर दोन-तीन फेऱ्या.”

“म्हणून तर नीट बोलायला हवं.”

त्या दिवशी तिने खोतांना सांगितलं, “तुमचा हात तयार आहे, पण तुम्ही शांततेला घाबरता. जरा जागा रिकामी झाली की भरून टाकता. दोन ओळींच्या मध्ये थांबून बघा. ऐकणारा निघून जाणार नाही.”

खोतांची दुसरी रचना आली ती पुढे काही वर्षांनी. आधी त्यांचा आवाज होता, कोकणी हेलाचा, संकोची. “यामिनीताई, तुमचं बोलणं पोचलं. मधल्या काळात मला मुलगी झाली, ती आता दुडूदुडू चालते. थांबायला शिकलोय. बघा जमलंय का.”

जमलं होतं. सारंगी एक वाक्य बोलून थांबे आणि त्या थांबण्यात पुढच्या वाक्याची ओढ लागे. यामिनीने ती आणखी तीनदा ऐकली. मग तिने उत्तर दिलं. जमलेलं सांगितलं आणि न जमलेलंही. शेवटी म्हणाली, “हे तुम्ही लोकांना आवडावं म्हणून रचलंय. एकदा एकाच माणसासाठी रचून बघा.”

आता तिसरी फेरी. वाट बघण्याच्या वर्षांची गणती दोन आकड्यांत गेली होती.

यानावर एकदोघांनी जागं राहावं आणि बाकीच्यांनी दीर्घनिद्रेत वय थांबवून पडून राहावं, अशी पाळी होती. यामिनी आपली पाळी संपली तरी झोपायला तयार होईना; पुढच्यांच्या पाळ्याही तिने मागून घेतल्या.

“झोप तू,” स्वतः झोपायला जाताना इनासनी बजावलं. “काही आलं की यंत्र उठवेल तुला.”

“उठायला वर्ष जातं. कान पूर्ववत व्हायला आणखी एक. तेवढा उशीर तिकडे दुप्पट होतो. खोत तेव्हा म्हातारे असतील, इनासभाऊ.”

“आणि तू?”

तिने त्यांच्या निद्रापेटीचं झाकण ओढून घेतलं.

मग ती एकटीच होती. ओसरीवरून येणाऱ्या रचना आटत गेल्या. जिचं उत्तर यायला अर्धं आयुष्य लागतं, तिच्याकडे कोण पाठवणार? ती संदेश झेलणारी तबकडी पृथ्वीच्या दिशेला धरून ठेवी, झोपलेल्यांची नाडी बघे, स्वतःसाठी पेज करी. कधीकधी बोलायची सवय राहावी म्हणून जुन्याच रचनांवर मोठ्याने अभिप्राय देई. पुढे इनास जागे झाले, तेव्हा तिचे केस पिकले होते. पूर्वी दहा वर्षांनी मोठे असलेले इनासभाऊ आता तिच्याहून लहान होते.

आणि एके सकाळी खोतांची तिसरी रचना आली. सोबत ओसरीची नोंद होती, ‘इतर श्रोत्यांचे अभिप्राय नाहीत.’

यामिनीने ती ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. सुरुवातीला कसलीशी किलबिल, आणि मग धावाधाव. सारंगी खेळण्यातल्यासारखी किरटी वाजत होती. थांबणं नाही, श्वास नाही. तिने चार वेळा ऐकली. खोटं कौतुक तिने कधी केलं नव्हतं, आता या वयात तरी कसं करणार? तिने उत्तर पाठवलं. “खोत, मला वाईट वाटलं. तुम्हाला घाई झालीय. जे शिकला होतात ते हरवलंय. आणि सुरुवातीचे ते पक्षी कशाला?”

उत्तर गेलं, पण ते पक्षी तिच्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी जेवताना ती एकदम थांबली.

“इनासभाऊ, पाखरू ओरडताना असं मध्येच अडखळतं का? संकोचल्यासारखं?”

ती घास टाकून संचारकक्षात धावली, मागोमाग इनास. ताणहारी बंद केला आणि रचना पुन्हा लावली.

पाखरं नव्हती. कोकणी हेलाचा, थकलेला आवाज होता. “यामिनीताई, या वेळी मध्ये यंत्र नको. तुमच्यापर्यंत जसं पोचेल तसंच ऐका. एकाच माणसासाठी रचायला सांगितलं होतंत.”

मग सारंगी सुरू झाली. भरदार, योग्य पट्टीत, योग्य लयीत. दोन वाक्यांच्या मध्ये इतकं थांबत होती, की इनासनी श्वास रोखून धरला. खोतांनी सगळी रचना दुप्पट वेगाने, एक सप्तक वर चढवून पाठवली होती. पृथ्वीवर ती नुसती किरकिर होती. तिथल्या कुणाला ती कळणं शक्यच नव्हतं. अंतराळात पळणाऱ्या या एका यानावर, ताण बसून बसूनच, तिचं संगीत होत होतं.

संपल्यावर यामिनी म्हणाली, “काल मी काय बोलले त्यांना.”

“दुसरं पाठव. लगेच.”

“पहिलं प्रकाशाच्या वेगाने गेलंय. त्याला गाठता येत नाही. सत्तरी ओलांडलेली असेल त्यांची. ते ऐकतील, आणि दोन-तीन दिवस त्यांना वाटत राहील, की आयुष्यभर जिच्यासाठी रचलं तिलाही कळलं नाही.”

“पण दुसरं पोचेल ना. ते तरी नीट पोचेल.”

यामिनीने डोळे पुसले. तिने ध्वनिमुद्रण यंत्राची गती बदलली, दुप्पट केली.

“हे काय करतेस? तिकडचा ताणहारी ते आणखी आवळेल. चिवचिवाट ऐकू येईल नुसता. शब्द कुणालाच कळणार नाहीत.”

“कुणालाच नाही. पण यंत्र काढून ऐकायचं ते एका माणसाला माहीत आहे. त्या चिवचिवाटाचा पहिला क्षण ऐकला, की शब्द कळायच्या आधीच त्यांना कळेल.”

“आणि ते नसले तर?”

यामिनी ध्वनिग्राहकाकडे वळली. पाठ ताठ केली. माफी मागितली, एकदाच. मग ती रचनेवर बोलू लागली, ओळ न ओळ घेऊन. कुठे अंगावर काटा आला ते सांगितलं, कुठे डोळे भरले ते सांगितलं. आणि शेवटी, कारण ते खरं होतं, म्हणाली, “एक राहिलं. शेवटचा षड्ज तुम्ही किंचित लवकर सोडलात. पुढच्या वेळी धरून ठेवा.”

इनासनी तिच्याकडे पाहिलं. पुढची वेळ कधी येणार याचा हिशेब त्यांनाही आता येत होता. ती वेळ आली तर यामिनीने वयाची शंभरी ओलांडलेली असणार होती.

तिने संदेश सोडला, श्रवणी कानांवर चढवल्या आणि तबकडी पुन्हा पृथ्वीच्या दिशेला नीट लावली.