पहिलं 'नको'

जानेवारीतलं धुकं इतकं दाट होतं, की हरियाणात झज्जरच्या रस्त्यावर बस बंद पडली तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. सुहासिनीला मात्र त्याची फिकीर नव्हती. चुलीवर काहीतरी भाजल्याचा वास आला होता, आणि अशा वासामागे जायला तिला आजवर कुणाला वाट विचारावी लागली नव्हती.

सरकारी पाहणीसाठी खेडोपाडी हिंडणारी ही लक्ष्मीबाई नगरची मुलगी, जन्म दिल्लीचा आणि जिभेचे चोचले साऱ्या देशाचे. बिमलाचाचीच्या ढाब्यावर एकच खाट मोकळी होती, तीही अर्धीच. उरलेल्या अर्ध्या भागावर मफलर गुंडाळलेला एक उंच तरुण थाळीकडे बघत बसला होता. बाजरीची गरम रोटी, सरसोंचा साग, वर लोण्याचा गोळा, बाजूला गूळ.

"भाकरी!" तो स्वतःशीच म्हणाला. इतक्या मायेनं, की सुहासिनीला हसूच फुटलं.

"भाकरीच आहे. जत्रेत हरवलेली बहीण भेटल्यासारखं काय बघताय?"

तो दचकला. "तुम्ही... मराठी?"

"बिल्कुल. बसू का?"

तो शशिकांत. सांगलीकडचा, माती तपासणीच्या खात्यात. दिल्लीत आर. के. पुरमला तिघा मित्रांबरोबर राहायचा आणि करपलेल्या खिचडीवर दिवस काढायचा. तिनं आपल्या थाळीतलं लोणी पुढे केलं.

"घेता?"

"नको, नको."

"अच्छा," म्हणून तिनं ते सगळं स्वतःच फस्त केलं. त्याची नजर त्या लोण्याबरोबर तिच्या तोंडापर्यंत गेली. तिला वाटलं, तो आपल्याकडेच बघतोय. अर्थात तेही काही खोटं नव्हतं.

पुढे दोघांच्या कामाचे रस्ते वारंवार एक होऊ लागले. योगायोग एकदा होतो. दर बुधवारी व्हायला लागला, की त्याला दुसरं नाव असतं. चाचीची आंबट कढी, चाकवतासारख्या बथुव्याचं रायतं, चुलीच्या राखेत भाजलेली रताळी... रताळं सोलून देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि मग दोघंही उगाचच रताळ्याकडे बघत राहायची. "आणखी मागवू?" ती विचारायची. तो "नको" म्हणायचा, आणि ती विषय सोडून द्यायची. चाची मात्र "रै, शरमावै क्यूं सै? खा ले!" म्हणत न विचारताच त्याच्या थाळीत रोटी टाकायची. सुहासिनीला ती जबरदस्ती वाटायची.

होळीच्या आधी एका बुधवारी तो म्हणाला, "पुण्याला बदली मिळतेय. दिल्लीत आलो तेव्हाच मागितली होती. घ्यायची की नाही, ते आता कळवायचंय."

तिनं हातातला घास परत थाळीत ठेवला. जिवाचा धडा करून ती म्हणाली, "नका ना जाऊ... इथंच राहा. माझ्यासाठी."

तो कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून पुटपुटला, "नको हो... तुमच्या घरी काय म्हणतील... उगाच तुम्हाला त्रास."

संपलं. नको म्हणाला. दिल्लीत वाढलेल्या मुलीला 'नको'चा एकच अर्थ ठाऊक. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि जेवलीसुद्धा नाही. सुहासिनी जेवली नाही म्हटल्यावर तिच्या आईला, सुनंदाबाईंना, 'शशिकांत पुण्याला चाललाय' यापलीकडे काही सांगावं लागलं नाही. मराठी मुलगा दिल्ली सोडून चाललाय आणि तो आपल्याकडे जेवल्याशिवाय जाणार? शोभतं का ते? त्यांनी रविवारी शशिकांतला जेवायला बोलावलं.

भरली वांगी, मसालेभात, ज्वारीची भाकरी. "आणखी वाढू?" आईनं विचारलं.

"नको, नको. खूप झालं."

सुहासिनी भाकऱ्यांची टोपली उचलून आत निघाली, तर आईनं ती तिच्या हातातून काढून घेतली. "असं कसं? एक तरी घ्या."

"खरंच नको."

"माझी शपथ आहे."

"बरं... अर्धी वाढा."

अर्धीच्या बघता बघता चार झाल्या. वांग्याच्या पातेल्याचा तळ दिसू लागला. बाबा तर कौतुकानं बघतच राहिले.

सुहासिनीनं आईला ओट्यापाशी गाठलं. "आई, तो नको म्हणत होता ना?"

"अगं, पाहुणा पहिल्या फटक्यात हो म्हणेल का? हावरट नाही का दिसणार? दोनदा-तीनदा आग्रह करायचा असतो. एवढंही ठाऊक नाही तुला?"

सुहासिनीच्या हातातला डाव हातातच राहिला. बाप रे! म्हणजे इतके दिवस या माणसाला आपण अर्धपोटी ठेवलं. आणि परवा, ढाब्यावर, आपण फक्त एकदाच विचारलं!

बुधवारी थाळ्या आल्या, पण तिनं घास मोडला नाही.

"दिल्लीत राहा," ती म्हणाली.

"अहो, पण..."

"राहा."

"तुमचे बाबा..."

"बाबा तुमच्यावर खूश आहेत. राहा ना, शशिकांत. मात्र आता खरं सांगा. मनापासून नको असेल, तर पुन्हा नाही विचारणार."

त्यानं मान वर केली. पहिल्यांदाच त्यानं नजर चुकवली नाही.

"हवंय. पहिल्या दिवसापासून हवंय... तोंड उघडायची लाज वाटायची, एवढंच. बदली नको म्हणून कळवतो." मग एक मोठा श्वास घेऊन तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हो."

तो पार गडबडला. बिचाऱ्यानं तीनदा विचारायची तयारी करून ठेवली होती. "एकदम... हो? विचार तरी कर."

"केलाय. जानेवारीपासून तेच करतेय. आणि हे बघ, आमच्या घरात आग्रह आई करते. मला जमायचं नाही. भूक लागली की सरळ मागायचं. चलेगा?"

तो हसला. मग चुलीकडे वळून, अख्ख्या ढाब्यानं माना वळवाव्यात एवढ्या मोठ्यानं त्यानं हाक मारली,

"चाची! भूख लगी है! दो रोटी और!"