सलामबाही

मलकापूरच्या बाहेर रस्त्याकडेला एक चहाची टपरी आहे. तिथे सुवर्णा इंगवले मोटरसायकलला टेकून चहा पीत उभी होती. समोरून एक मोटरसायकल गेली आणि सुवर्णाचा डावा हात तिला न विचारता वर उठला. कोपर खांद्याच्या रेषेत, दोन बोटं ताठ. हातातला कप टपरीच्या फळीवर आदळून फुटला.

"अगं बया! वैनी, तुमचा हात लई मनमिळाऊ हाय की," टपरीवाली म्हणाली.

"बाही बंद करायची राहिली." सुवर्णा ओशाळून हसली आणि उजव्या हाताने डाव्या मनगटावरची कळ दाबली.

"वळखीचा हुता व्हय?"

"हेल्मेटात कोण कुणाला दिसतंय?"

"आन् तरीबी राम राम?"

"रस्त्यावर दोन चाकांवर भेटला की करायचाच. नाही केला तर म्हणतात, काय माज चढलाय बघा."

"पण केला कुठं तुम्ही? तुमच्या झग्यानं केला."

सुवर्णाने फुटक्या कपाचेही पैसे दिले. बाई घेईना, तेव्हा फळीवर ठेवले आणि निघताना कळ पुन्हा चालू केली.

हा रिवाज जुनाच. अनोळखी चालक समोरून आला की हात करायचा, म्हणजे तूही माझ्यासारखाच उन्हावाऱ्यात आहेस एवढं कबूल करायचं. पण हँडलवरचा हात सुटून घाटात काहीजण कठड्यापलीकडे गेले आणि हात सोडायला बंदी आली. मग स्वयंतोल गाड्या निघाल्या. त्यांच्या पोटात भोवऱ्यासारख्या दोन चकत्या फिरत, त्यामुळे गाडी पडतच नसे. रस्ता धरून ती आपली आपण चालेही. त्यांच्या मागोमाग सलामबाही आली, खांद्यापासून हातमोज्यासारखी बोटांपर्यंत चढवायची. तिच्या अस्तरात स्नायुधागा विणलेला असे, वीज लागली की आखडणारा आणि तुटली की सैल पडणारा. समोरच्या बाहीचा संकेत मिळाला की ती हात उचले. थकलेल्या माणसाची थरथरसुद्धा ती काढून टाकी. प्रत्येकाचा सलाम झोकात.

शाहूपुरीत सुवर्णाचं सीट कव्हरचं दुकान होतं. तिच्या मोटरसायकल क्लबाची मंडळी आदल्या दिवशीच गुहागरला गेली होती. दुकानातलं काम उरकून ती आज एकटी निघाली होती. हेल्मेटातून गाडीला गुहागर सांगितलं की झालं.

घाटमाथ्यावरच्या आंबा गावाच्या अलीकडे तिचा उजवा हात मांडीवर पडला.

तिने तो उचलायला सांगितलं. तो उचलला गेला नाही. आधी वाटलं, मुंग्या आल्या असतील. मग ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळून हनुवटीच्या पट्ट्यात मुरली आणि उजवा पाय पायदानावरून घसरून लोंबायला लागला. तिला कळलं. शेजारच्या दुकानदाराला असाच झटका आला होता. डॉक्टर त्याच्या बायकोवर ओरडले होते, मेंदूतली गाठ विरघळवणारं औषध पहिल्या चार तासांतच चालतं, इतका वेळ काय करत होता?

गुहागर अजून चार तासांवर होतं.

गाडी थांब, असं म्हणायचं होतं. शब्द समोर होता. तिने तोंड उघडलं.

"राम राम."

*राम राम, सुवर्णाताई,* हेल्मेट म्हणालं.

तसं नाही. थांब. ते, ज्याने गाडी उभी राहते ते. तो शब्द. मदत हा दुसरा शब्द. तोही दिसत होता, जाळीपलीकडच्या माणसासारखा. हात घातला की

"राम राम. आयला. राम राम."

*मला कळलं नाही. पुन्हा सांगा.*

पुढचा ब्रेक उजव्या हाताला. मागचा उजव्या पायाला. संकटाची कळ उजव्या मुठीजवळ. डावा हात तिथवर नेता आला असता, पण बाही कोपराला हँडलपलीकडे जाऊ देत नव्हती. बाहीची कळ डाव्या मनगटावर, म्हणजे ती दाबायला उजवा हात हवा. उडी? शेजारी दरी होती.

समोरून गाडी आली. सुवर्णाने होता नव्हता तेवढा जोर लावून डावा हात हलवला. वेडावाकडा, वर, खाली, बुडणारा माणूस हलवतो तसा.

बाहीने तो सावरला. थरथर काढली. कोपर रेषेत आणलं. दोन बोटं ताठ केली.

समोरच्याने सलाम परत केला आणि तो गेला.

हेल्मेटच्या काचेवर हिरवी ओळ उमटली.

*चालक सजग आहे. धन्यवाद.*

पुढे सात गाड्यांचा ताफा आला. सात वेळा ती ओरडली, सात वेळा राम राम. सात वेळा हात झोकात वर. शेवटच्याने तर खुशीत दिवासुद्धा चमकवला.

*चालक सजग आहे. धन्यवाद.*

ही ओळ तिने शेकडो वेळा वाचली होती, कधी मनावर घेतली नव्हती. आता घेतली. गाडी चालकाची हालचाल पाहत असते. पाच मिनिटं काहीच हललं नाही तर ती कडेला उभी राहते आणि स्वतःच फोन करते. तसा नियमच होता.

म्हणजे ओरडायचं नाही. हलायचं नाही. आपण मेलो आहोत हे गाडीला पटवायचं.

तिने मान पडू दिली. श्वास उथळ केला. डावा हात टाकीवर मढ्यासारखा ठेवला. उजव्या बाजूला काही करावं लागलं नाही, ती आधीच तशी होती.

*हालचाल आढळली नाही.*

रस्ता मोकळा होता. कुणी येऊ नका, तिने मनात विनवलं. ज्या रस्त्यावर माणूस दिसला की तिचा जीव सुखावत असे, त्या रस्त्याला ती विनवत होती, आज ओस पड.

*हालचाल आढळली नाही. चालक, प्रतिसाद द्या.*

देणार नाही. नाकाच्या शेंड्यावरून घाम ओघळत होता. तो पुसायचा नाही.

*गाडी कडेला घेत आहे.*

वेग उतरला. चाकाखाली खडी वाजली. आणि वळणावरून एक दिवा आला.

नको. नको रे. नको

हात उठला. दोन बोटं.

*चालक सजग आहे. धन्यवाद. प्रवास पुढे सुरू.*

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा गाडी जवळजवळ थांबली होती. शनिवार होता, सगळं कोल्हापूर कोकणात जात होतं आणि सगळं कोकण कोल्हापूरला. सुवर्णा रडायला लागली. रडणंही एकाच डोळ्यातून येत होतं, निदान तिला तसं वाटलं.

तिचा डावा पाय शिल्लक होता. तो चाचपडत खाली गेला आणि बुटाच्या टोकाला लोखंड लागलं. स्टँड. स्टँड खाली असला की जुन्या गाड्यांची मोटर बंद पडायची. तिने टाचेने तो रेटला. खटकन उघडला.

मोटर बंद पडली नाही.

*स्टँड खाली आहे. कृपया वर घ्या.* चालत्या गाडीची मोटर अचानक तोडली तर मागचे धडकतात, म्हणून नव्या गाड्या फक्त सांगत, थांबत नसत. सुवर्णाला हे दुकानात कुणीतरी सांगितलेलं आत्ता आठवलं. आता डाव्या वळणावर गाडी झुकली की स्टँड रस्त्यात रुतणार. स्टँड पुन्हा वर घ्यायला पाय उरला नव्हता. तोही थकून लोंबत होता.

पहिल्याच डाव्या वळणाला लोखंड डांबरावर किंचाळलं. ठिणग्या उडाल्या. गाडी थरारली, चकत्या घरघरल्या, तोल राहिला.

रस्त्याकडेला करवंदं विकणारी बाई उठून उभी राहिली.

"ओ! स्टँड! स्टँड!"

कठड्यावर बसलेले दोघे ओरडले. "ताई, स्टँड बघा!" एकाने बोट खाली करून हवेत खुपसून दाखवलं.

सुवर्णाला ते बोट दिसलं. झटका आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे पाहिलं होतं.

पुढच्या सरळ तुकड्यावर गाडीने एका जुन्या पेट्रोलच्या स्कूटरला मागे टाकलं. स्कूटरवर साखरप्याचे रमाकांत गुरव होते आणि मागे त्यांची बायको सुनंदा, मांडीवर फणस घेऊन.

"अहो, त्या बाईचा स्टँड!" सुनंदा म्हणाली. "ओ ताई! स्टँड! ऐकू येत नाय काय हिला? अहो, हॉर्न मारा."

"मारतोय की."

"मग जोरात मारा."

"हॉर्न जोरात कसा मारतात, तू सांग."

पुढच्या वळणाला पुन्हा ठिणग्या उडाल्या. समोरून आलेल्या गाडीला त्या बाईने हात केला, अगदी ऐटीत.

"बघा! सलाम करायला येतो, स्टँड वर घ्यायला येत नाय," रमाकांत चिडून म्हणाले. "पडेल तेव्हा कळेल."

"पडेल म्हणून तर सांगतोय ना? चला तुम्ही, दामटा."

उतारावर जुनी स्कूटरही धावते. रमाकांतनी ती मोटरसायकलच्या बरोबरीला आणली. सुनंदाने वाकून पाहिलं आणि तिचा आवाज बदलला.

"अहो, तिचा पाय बघा. लोंबतोय नुसता. हिला थांबवा."

"कशी थांबवू? धरू काय तिला?"

"पुढे जा आणि हळू करा. ह्या शहाण्या गाड्या वळणावरची पांढरी रेघ ओलांडत नाहीत."

रमाकांत पुढे गेले आणि हळूहळू वेग कमी करत अगदी उभे राहिले. मागची मोटरसायकल कायद्याने वागली. तीही थांबली.

*पुढे अडथळा. प्रतीक्षा करत आहे.*

सुनंदाने फणस रस्त्यावरच ठेवला आणि धावत येऊन हेल्मेटची काच वर केली. अर्धा चेहरा खाली ओघळला होता. एक डोळा तिच्याकडे लागला होता, नुसता लागला होता.

"राम राम," सुवर्णा म्हणाली. "राम राम. राम राम."

"अहो, इकडे या. हिचं तोंड वाकडं झालंय."

"झटका हा," रमाकांत म्हणाले. "माझ्या काकांचा चेहरा असाच झाला होता. उतरव तिला, कुशीवर निजव. ओकली तर गुदमरेल." त्यांनी खिशातून फोन काढला, वर धरला, चार पावलं चालून पुन्हा धरला. घाटात रेंज नव्हती. सुवर्णाचं हेल्मेट उपग्रहाशी बोलू शकत होतं, पण फक्त सुवर्णाच्या आवाजावर.

दोघांनी तिला कठड्याशी कुशीवर निजवलं. सुनंदाने तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खालून दोन मोटरसायकली आल्या.

"ओ थांबा! थांबा हो, बाई आजारी आहे!"

सुनंदाच्या मुठीतून हात हिसकल्यासारखा निसटला आणि वर उठला. दोन बोटं ताठ. दोन्ही चालकांनी सलाम केला आणि ते निघून गेले.

"अगो, तू कशाला हात..." सुनंदा थांबली. तिने त्या बाईच्या डोळ्याकडे पाहिलं, मग बाहीकडे. "हे तू नाय करत. होय ना? हे तू नाय केलंस."

सुवर्णाने डोळा मिटला, उघडला.

सुनंदाने चेन ओढून बाही सोलून काढली, भुईमुगाची शेंग सोलावी तशी, आणि रस्त्यावर फेकली. आतला हात घामाने पांढरा पडला होता. पुढची गाडी आली तेव्हा रिकामी बाही डांबरावर कोपरातून वाकली, तिने दोन बोटं वर केली. समोरच्याने तिला सलाम केला आणि तो गेला.

"मेल्यांनो!" सुनंदा किंचाळली. "माणसं आहात का कोण आहात?"

रमाकांत रस्त्याच्या मध्ये जाऊन हात पसरून उभे राहिले. पुढची मोटरसायकल त्यांच्यासमोर दोन हातांवर थांबली. चालकाचा हात सलामीला उठलेला. खाली आला. रस्त्यावरच्या बाहीपायी पुन्हा उठला. चालक काहीच बोलेना. रमाकांतनी त्याच्या हेल्मेटवर बोटांनी टकटक केलं.

"अरे ए!"

काच वर गेली. आत तिशीतला माणूस डोळे चोळत होता.

"काय? आलं कोल्हापूर?"

"झोपला होतास?"

"रात्रपाळी झाली काका." तो कानकोंडा झाला. "बाही हलते, गाडीला वाटतं जागाच आहे. सगळेच घेतात हो डुलकी." मग त्याला कठड्याशी निजलेली बाई दिसली आणि तो खाडकन जागा झाला. हेल्मेटात बोलू लागला. हो, आंबा घाट. हो, अर्धांग. रुग्णवाहिका मलकापूरहून निघते, अर्धा तास, तोवर हलवू नका, झटका नेमका कधी आला ते विचारतायत.

"कधी आला?" त्याने विचारलं.

सुवर्णाला माहीत होतं. टपरी, कप, आंब्याच्या अलीकडचं वळण. किती वेळ झाला तो आकडा मात्र तिला सापडत नव्हता. अजून वेळ असेल. नसेल. असेल. तिने सुनंदाचा हात दाबला. जमलं तेवढा, वेडावाकडा, थरथरत.

"दाबतेय," सुनंदा म्हणाली. "अहो, दाबतेय हो ही. आहे जीव."

खालच्या वळणावर दिवा दिसला. आणखी एक मोटरसायकल संथपणे वर येत होती. हात वर, कोपर रेषेत, दोन बोटं ताठ.

"ह्याला पण थांबवा," सुनंदा म्हणाली.

"रुग्णवाहिका बोलावली ना आता? कशाला उगाच?" रमाकांत म्हणाले. पण ते बाजूला झाले नाहीत. तेही त्या हाताकडे पाहत होते, आणि रात्रपाळीवाला पाहत होता, आणि जमिनीला कान लावून निजलेली सुवर्णा.

"मदतीला नाय म्हणत मी," सुनंदा हळू आवाजात म्हणाली. "अहो, तो तरी जिवंत आहे का?"