खिडकीबाहेर टांगलेलं गाठोडं

पाऊस नव्हता. आभाळ निरभ्र होतं, आणि तरीही सलूनवाल्याने वाळत घातलेल्या टॉवेलांवर काहीतरी पडत होतं. टप्... टप्...

त्याने वर पाहिलं. दुकानाच्या बरोब्बर वरच्या खिडकीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला एक पांढरं गाठोडं लोंबत होतं. त्याने टॉवेल नाकाला लावला, तोंड वाकडं केलं आणि जिना चढला.

दार एका तरुणीने उघडलं. केस घट्ट बांधलेले, नखांच्या कडेला वाळलेली खळ. त्याने टॉवेल पुढे धरला.

"हे काय आहे?"

तिने टॉवेलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग त्याच्याकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली आणि तिने हात जोडले.

"अहो, भांडायला नाही आलो. नुसतं विचारतोय. गिऱ्हाईक म्हणालं, तोंडावर तान्ह्या बाळाने दूध ओकल्यासारखं वाटतंय."

तिचे ओठ हलले. आवाज मात्र आला नाही.

"ती आत्ता नाही बोलायची!" आतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "कोनाड्यातला दिवा शांत होईपर्यंत तिचं मौन असतं. तुम्ही भांडा खुशाल. तिच्या वतीने मी आहे."

ही तिची आत्या. घरात दोघीच. मौनाचा नेम भाचीने आईच्या आजारपणात घेतला होता. आई गेली, नेम राहिला. सकाळी प्रार्थनेच्या वेळी लावलेला दिवा आपोआप विझेपर्यंत ती एक शब्द बोलत नसे, आणि आजवर तिने तो कधी मोडला नव्हता.

सलूनवाला उंबऱ्यावरच उभा राहिला. जायला हवं होतं, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पण हिचा आवाज कसा असेल, हे ऐकल्याशिवाय जावंसं त्याला वाटेना. दिवा एकदा फडफडला, आणि विझला.

"माफ करा," ती म्हणाली. आवाज हळू होता. "ते चीज आहे."

"चीज असं गळतं?"

"गळायलाच हवं. फक्त... कुठे टांगायचं ते पान फाटलेलं होतं."

ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. घरच्या घरी चीज कसं करावं, असं एक जुनं पुस्तक तिच्याकडे शिवायला आलं होतं. शिवता शिवता तिने ते वाचलं आणि घरी येऊन दूध तापवलं. नेमकं टांगण्याचं पान फाटलेलं. मग ओलं फडकं जिथे टांगतात तिथेच तिने तेही टांगलं.

"खाली भांडं ठेवावं, एवढं कळायला पुस्तक लागतं होय गं?" आत्या म्हणाली.

टॉवेल दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री होऊन खाली आला. कोपऱ्याला कोपरा इतका नेमका जुळवलेला, की सलूनवाल्याने तो वापरला नाही. आरशाजवळ ठेवून दिला.

संध्याकाळी दुकान बंद करून तो पुन्हा जिना चढला. "चीज कसं झालं, ते बघायला," असं त्याने आत्याला सांगितलं. आत्याने विचारलंही नव्हतं.

पहिलं चीज तिने घाईने पिळलं होतं, त्याचा भुगा झाला होता. दुसऱ्या वेळेला दूध इतकं तापलं की विरजण मेलं, आणि पातेल्यात नुसतं पातळ दूध उरलं.

"कोमट म्हणजे किती कोमट, तेच कळत नाही," ती म्हणाली.

"त्यात काय! मी दाढीचं पाणी रोज बघतो." त्याने चमच्याने दुधाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला सोडला. "कातडीला कळलं नाही पाहिजे. गरम नाही, गार नाही... बघा."

तिने आपलं मनगट पुढे केलं. थेंब पडला. तिला तो कळला. पण दुधामुळे नाही, हेही तिला कळलं. तिने मनगट पदराला पुसलं आणि दूध ढवळू लागली.

मग हे रोजचंच झालं. दूध जमवणाऱ्या औषधाचे थेंब टाकल्यावर पातेलं हलवायचं नसतं, म्हणून दोघं ओट्याजवळ उगाच श्वास रोखून उभे राहत. दूध जमलं, की ती त्यात बोट घालून अलगद वर उचले. चीर स्वच्छ पडली की सुरी घ्यायची. नाही पडली, तर पुन्हा थांबायचं.

"पुस्तकं शिवणाऱ्या माणसांना थांबायची सवय असते का हो?" त्याने एकदा विचारलं.

"खळ वाळेपर्यंत दुसरं काय करणार?"

"आमच्याकडे थांबलं की गिऱ्हाईक पळतं."

"तुमची गिऱ्हाइकं पळतात ती तुमच्या बडबडीने," आत्या म्हणाली, आणि भाची हसली. ती मोठ्याने हसते, हे सलूनवाल्याला त्या दिवशी समजलं.

एकदाचं चीज जमलं. पांढरं, मऊ, वाटीचा आकार घेतलेलं. सलूनवाल्याने मोठा तुकडा तोंडात टाकला. "छान झालंय!"

आत्याने चाखलं. "खोटारडा! यात मीठच नाही."

"नसेल," तो म्हणाला. "मी चवीकडे कुठे बघत होतो?"

ती पाणी आणायला आत गेली. पाणी कुणीच मागितलं नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी, ती जमलेल्या दुधाचे चौकोन कापत असताना, तो म्हणाला, "दादा बोलावतोय. त्याच्या गावाला. मोठं दुकान घेतलंय त्याने, माझ्यासाठी दुसरी खुर्ची मांडलीय." तो थांबला. "त्याला अजून हो म्हटलं नाहीये..."

सुरी थांबली नाही. "चांगलं आहे," ती म्हणाली. "भावाजवळ राहाल."

"हो. चांगलंच आहे."

त्याने आणखी थोडी वाट पाहिली. मग चपला घातल्या.

तो गेल्यावर आत्याने दिवाणावरून मान वळवली. "तुझं मौन सकाळी संपतं, असं वाटतं का गं तुला?"

"मी काय अडवणार त्यांना? कोणत्या नात्याने?"

"चिजात मीठ विसरलीस आणि बोलण्यातही. एवढंच म्हणते. पुढे तुझं तू बघ."

सलूनवाल्याने रात्रीच हो कळवलं असावं; दादाचा टेम्पो सकाळी लवकरच आला. ती प्रार्थनेला बसली होती. खाली आरसे, डबे, खुर्ची चढवल्याचे आवाज येत होते. कोनाड्यातला दिवा शांतपणे जळत होता. तेल बरंच होतं. टेम्पो तेवढं थांबणार नव्हता.

ती उठली. हात जोडून देवाला नमस्कार केला आणि जिना उतरली.

सलूनवाला ताडपत्रीची दोरी आवळत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टेम्पोच्या कडेला टॉवेलांचं खोकं होतं, ते तिने उचललं आणि दुकानासमोरच्या रिकाम्या दोरीवर एकेक टॉवेल पसरायला लागली. कोरडे, घडीचे टॉवेल. शेवटचा, आरशाजवळचा, तिने ओळखला. त्याची घडी अजून तशीच होती. ती क्षणभर थांबली, मग तिने तोही झटकून दोरीवर टाकला.

"अरे, या बाई काय करतायत?" दादा म्हणाला.

"कळेना, दादा."

"मग विचार ना त्यांना!"

"उपयोग नाही. आत्ता त्या बोलत नाहीत."

ती वर गेली. खिडकी उघडली. रात्रभर ओट्यावर, भांड्याच्या वर व्यवस्थित टांगलेलं चिजाचं गाठोडं तिने सोडून आणलं आणि बाहेरच्या दांडीला बांधलं. टॉवेलांच्या बरोब्बर वर.

टप्... टप्...

सलूनवाला हसायला लागला. मग हसायचा थांबला, आणि दोरीखाली नुसता वर बघत उभा राहिला. एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्याने तो पुसला नाही.

"दिवा शांत झाला गं!" आतून आत्या ओरडली. तो आपणहून विझला की कुणाची फुंकर लागली, ते देवाला माहीत.

तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. रस्त्यात ऐकू जाईल असं ती आजवर कधीच बोलली नव्हती.

"टॉवेल... धुवावे लागतील."

"लागतील."

"ओले बांधून नेता येणार नाहीत."

"वास मारतील," तो गंभीरपणे म्हणाला. "मग काय करू?"

तिने एकदा डोळे मिटले.

"राहा," ती म्हणाली. "टॉवेलांसाठी नाही. मला तुम्ही इथे हवे आहात."

दादाने वर पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि टेम्पोत हात घालून इंजिन बंद केलं.

"चल," तो ताडपत्रीची दोरी सोडत म्हणाला. "खुर्चीला दुसऱ्या बाजूने हात लाव. एकट्याला नाही उतरायची."