दहा गुणांचा दिनकर

सरपंच झाल्यापासून वेदांग घरत दिनकरला विचारल्याशिवाय कुठलाही निर्णय घेत नसे. दिनकर हा नव्वद वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या कादंबरीचा नायक, मिठागरातल्या मजुरांचा एकवीस वर्षांचा पुढारी. आता तो ग्रामपंचायतीच्या टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी ठेवलेल्या एका डबीतून बोलायचा. डबीचं नाव पात्रवाणी. पुस्तकातलं कुठलंही पात्र तिच्यात भरलं की ते तुमच्या प्रश्नाला आपल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देई. तरुण सरपंचांना पुढारीपण शिकवण्यासाठी एका संस्थेने ती गावोगावी फुकट वाटली होती. फुकट मिळालेल्या शहाणपणाचं आपल्याकडे फार कौतुक.

त्या अमावास्येला सकाळी दहा वाजता गावाच्या खारबांधाला खांड पडली. दोन हात रुंद भगदाडातून खाडीचं पाणी भातशेतीकडे धावू लागलं, आणि उधाणाची भरती साडेबाराला होती. खारं पाणी शेतात मुरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. गावाची जुनी रीत अशी, की खांड पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. तशी माणसं पंचायतीसमोर जमलीही होती. प्रश्न एवढाच होता, की आत्ता जायचं की ओहोटी लागल्यावर.

"पानी उतरू दे रं पोरा, मंग जा," जनाबाई भोईर म्हणाल्या. त्यांचा नवरा हिराजी फावडं खांद्यावर टाकून शेजारी उभा होता. "चढत्या पान्यात बांध पायाखालून जातो. शेत काय, परत पिकल."

वेदांगने डबीला विचारलं.

"वाट पाहणं म्हणजे हरणं," दिनकर म्हणाला. आवाज छान होता, ऐकून छाती फुगावी असा. "मी पुढे होईन. लोक माझ्यामागे येतील."

केणीबाई कोपऱ्यातल्या वाचनालयाची पुस्तकं लावत होत्या. तीस वर्षं दहावीला मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. वेदांग त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्या लगबगीने टेबलापाशी आल्या.

"अरे, हा खरा दिनकर नव्हे. कादंबरीत याच्या घाईने तीन माणसं बुडतात. मग तो त्यांतल्या एका मजुराच्या दारात जातो, त्याच्या बायकोपुढे. त्याबद्दल विचार याला."

वेदांगने विचारलं. डबी म्हणाली, "ध्येयवेडा माणूस मागे वळून पाहत नाही. धैर्य, निःस्वार्थीपणा आणि दृढनिश्चय हे माझ्या स्वभावाचे तीन पैलू होत."

बाईंनी ते बोल ओळखले. असली वाक्यं कादंबरीत कुठेच नव्हती. ती त्यांचीच होती. 'दिनकरची व्यक्तिरेखा लिहा, गुण दहा' या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं फळ्यावर उतरवून दिली होती. पात्रवाणी पुस्तकाबरोबर त्याविषयी लिहिलं गेलेलं सगळं वाचायची आणि जास्त वेळा म्हटलेलं खरं धरायची. कादंबरी एकच होती, उत्तरपत्रिका लाखो, आणि कुठल्याही शाळेत जा, पळसाला पानं तीनच. दाराचं ते प्रकरण परीक्षेला नसायचं, म्हणून कोणी शिकवलं नाही. बाईंनीही नाही.

"वेदांग, तू वेगळं लिहिलं होतंस. बायका थांब म्हणतात तेव्हा दिनकर हसतो, म्हणून तो चांगला पुढारी नाही, असं. आठवतं?"

"तुम्ही दोन गुण दिले होते, बाई." तो हसला, त्यात राग नव्हता. "मग तुमचं उत्तर दहा वेळा लिहून घेतलंत. तेव्हा कळलं मला, पुढारी कसा असतो ते."

"माझं चुकलं होतं रे."

"आता वेळ नाही, बाई. पाणी चढतंय."

त्यांनी दारात आडवं उभं राहायला हवं होतं. पण माणसं निघालीसुद्धा, आणि ज्या बाईने मुलांना कधी 'का' म्हणू दिलं नाही, तिला स्वतःलाही ऐनवेळी ते जमलं नाही.

वेदांग सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून वाचला. बारा वाजायच्या सुमारास त्याच्या मागचा बांध खचला. पाच जणांना ओढून काढलं. हिराजीचं प्रेत ओहोटीनंतर खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडलं. शेत तर गेलंच.

बाईंनी त्या संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अगदी अदबशीर: सूचनेची नोंद घेतली आहे, मात्र पात्राचा स्वभाव बदलण्यासाठी तशा मजकुराची पुरेशी संख्या आवश्यक आहे. बाई दोन दिवस खऱ्या दिनकरविषयी लिहीत बसल्या. एका म्हातारीच्या हातून असं किती लिहून होणार?

पाचव्या दिवशी वेदांग त्यांच्याकडे आला. दाढी वाढलेली, नजर खाली.

"जनाबाईंकडे जायचंय. एकट्याला धीर होत नाही."

दोघं चालत गेले. भोईरांच्या अंगणात येऊन तो थबकला.

"बाई, त्या प्रकरणात दिनकर तिच्या दारात जाऊन काय बोलतो?"

बाईंनी आठवून पाहिलं. ते प्रकरण त्यांनी कॉलेजात असताना एकदाच वाचलं होतं. वाचून आपण रडलो होतो, एवढं आठवत होतं. तो बोलला ते शब्द मात्र काही केल्या आठवेनात.

"कोन हाय?" आतून जनाबाईंनी विचारलं.