मुठीतली नळी

नळी हातात घेताच तिचा चेहरा उतरला. काच गारठली होती.

"ही... फ्रिजमध्ये होती?"

"तासभर," दारातला तरुण म्हणाला. तो खालच्या प्रसूती विभागातला परिचारक. नेहमीच्या सिस्टर रजेवर, म्हणून चार जिने चढून तो आज पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आला होता. "तुम्ही जेवायला गेला होता. वाटलं, रक्त आहे, खराब होईल."

तिनं डोळे मिटले. आपल्या संशोधनासाठी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त ती वर्षभर गोळा करत होती. एकोणतीस नमुने झाले होते, हवे होते चाळीस. त्यात दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचा हा एवढा एकच. नाळ काही दुसऱ्यांदा कापली जात नाही!

"इतकं काय बिघडलं?" त्यानं हळूच विचारलं.

राग आला होता. पण कुणी विचारलं की समजावून सांगायची तिला खोडच होती. "लाल पेशीच्या भिंतीत बारीक बारीक पंप असतात. गळक्या होडीतून कुणी सारखं पाणी उपसावं ना, तसं ते आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकतात. गारठ्यात ते पेंगतात, आणि सोडियम आत साचतं. आता ते मोजून काय उपयोग?"

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली.

"वाटेत मुठीत धरून ऊब दिली असतीत, तर मला कळलंही नसतं," ती कडवटपणे म्हणाली.

"कळलं नसतं... म्हणूनच सांगितलं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिचा आवाज मवाळ झाला. "पंप तरी मोजता येतील. पेंगले तरी जागेवरच असतात. कोवळ्या पेशीत ते जास्त असतात का, तेच तर बघायचंय. थँक यू, ब्रदर."

तो कानापर्यंत लाल झाला. "सगळेच ब्रदर म्हणतात. तुम्ही नाही म्हटलंत तर... बरं होईल."

सिस्टर रजेवरून परतल्या, तरी नळ्या तोच आणू लागला. मुठीत धरून, धापा टाकत. "सगळे जागे आहेत!" दारातूनच वर्दी. ती हसू दाबायची. हळूहळू दाबायचंही विसरली.

चाळिसावी नळी आली. मोजणी संपली. त्या घाईच्या बाळाचे पंप सगळ्यांत जास्त भरले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. मूठ मिटलेली.

"अहो, चाळीस झाले की!"

त्यानं मूठ उघडली. रिकामी.

"आज काहीच नाहीये," तो म्हणाला. "एखादं कारण सांगता आलं असतं. तुम्हाला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलंत?"

त्यानं मान डोलावली. पुढे केलेला हात मात्र मागे घेतला नाही.

तिनं बोटं टेकवली. "केवढा गार पडलाय!"

"घाबरलोय."

"मग पंप पेंगतील ना..." तिनं तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, आणि पायानंच एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बसा. जागं व्हायला त्यांना वेळ लागतो."