दूध केंद्रावरची बाई

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण आमच्या सरोजिनीमावशीला हसू नका.

साल १९७४. कोल्हापूरचा नागाळा पार्क. डिसेंबरातली धुक्याची पहाट.

मावशीच्या यजमानांना, माधवकाकांना, दम्याचा त्रास. गावातल्या धुरात जीव घुसमटायचा, म्हणून दोघं इथं राहायला आली. दुतर्फा मोठी झाडं, फिरायला बाग, हाकेच्या अंतरावर दूध केंद्र. महिन्याभरात काकांना शांत झोप लागू लागली.

मावशीला वाटलं, सुटलो.

त्या पहाटे ती दुधाच्या रांगेत उभी होती. पुढं शेजारची जुलेखा.

मागून एका बाईचा आवाज आला...

"नवीन आलायसा व्हय? घर कुठलं तुमचं?"

"ते कोपऱ्यावरचं, बुचाच्या झाडाजवळचं," मावशी मागं न बघताच म्हणाली.

परतताना जुलेखानं विचारलं, "वैनी, मघाशी कुणाशी बोललासा?"

"मागच्या बाईंशी."

"तुमच्या मागं कोण न्हवतं." जुलेखाचा चेहरा उतरला होता. "माझा दीर असाच बोलला हुता तिच्याशी, पुन्यांदा दिसला न्हाय. आता फाटकातनं हाक आली तर ओ द्यायची न्हाय. काकास्नी बी सांगा."

मावशीनं सांगितलं. काका हसले. "धुक्यात दिसली नसेल गं तिला."

दुसऱ्या दिवशी मावशीला पहाटेच जाग आली. एवढी झाडं, पण एकही पाखरू ओरडत नव्हतं.

फाटक करकरलं...

"दुधाला येताय न्हवं?"

तोच आवाज.

काकांना अडवायला मावशीनं शेजारी हात टाकला.

अंथरूण रिकामं होतं.

"आलो, आलो," काका बाहेरून म्हणाले.

ती धावत बाहेर आली. रस्त्यावर कुणीच नव्हतं. पावलांचा आवाजसुद्धा नाही.

"काका आलंच न्हाईत की," केंद्रावरचा सयाजी म्हणाला. लोकांनी बाग पालथी घातली. पन्हाळ्याच्या रस्त्यानं माणसं गेली. पोलिसांत वर्दी दिली.

काका सापडले नाहीत. त्यांची चप्पलसुद्धा नाही.

तिचा भाऊ तिला गडहिंग्लजला न्यायला आला, पण मावशी हलली नाही. "ते आले आणि घराला कुलूप दिसलं तर?"

वर्ष सरायच्या आत एका पहाटे दाराशी हाक आली...

"सरोज, दार उघड गं."

काकांचाच आवाज. तशीच धाप लागलेली.

मावशी दाराकडं धावली. जुलेखा तेव्हा सोबतीला तिच्याकडंच झोपायची. तिनं मावशीला घट्ट धरलं, तोंडावर हात दाबला. उजाडेपर्यंत बाहेरून विनवणी चालू होती.

मग ती हाक रोजच येऊ लागली. जुलेखा रोज धरून बसायची.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात जुलेखा वारली. मी मावशीला न्यायला गेलो.

"आता तुला धरायला कोण आहे?" मी विचारलं.

ती यायला तयार झाली नाही. निजताना पाहिलं, तर दाराची कडी तिनं काढून ठेवली होती.

मी उठून लावली.

पण मला दुसऱ्या दिवशी निघायचंच होतं.